तिसऱ्या वर्षाचा पगार कोण देणार?

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. एक प्रोलॉग, चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. तेव्हापासून सायकलवाल्या पब्लिकमध्ये एकच विषय सारखा निघतो. "आता महाराष्ट्राचा स्वतःचा प्रोफेशनल रोड संघ पाहिजे यार!" जर्सीचा रंग कुठला यावर तर दोन तट पडलेसुद्धा. बजेटचा विषय मात्र कुणी काढत नाही, ते 'कुणीतरी मोठा उद्योगपती' बघणार आहे म्हणे.

मला ही कल्पना आवडते, हे आधीच सांगून टाकतो. पण माझा एक प्रश्न आहे, आणि तो जर्सीच्या रंगाच्या आधीचा आहे. या संघातल्या पोरांना तिसऱ्या वर्षी पगार कोण देणार?

तुम्ही म्हणाल, अजून संघाचा पत्ता नाही आणि हा तिसऱ्या वर्षावर पोचला. पण जगभरातले प्रोफेशनल सायकल संघ पाहिले तर निम्मी गंमत (आणि सगळी शोकांतिका) या तिसऱ्या वर्षातच आहे. आणि मी मूळचा भंडाऱ्याचा. आमच्याकडे एखाद्या पोरानं खेळात कितीही मोठा पराक्रम करून आणला तरी चौकातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मंग, नोकरी लागन का गा त्यानं?" लहानपणी या प्रश्नाचा फार राग यायचा. आता आयटीत इतकी वर्षं काढल्यावर, दोन-तीन मंद्या बघितल्यावर, हा प्रश्न विचारणारा काका मला आमच्या एचआरपेक्षा जास्त शहाणा वाटतो.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. रोड सायकलिंग म्हणजे साध्या डांबरी रस्त्यावरची शर्यत, गावांमधून, घाटांमधून जाणारी. बघायला तिकीट नाही. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात, सायकली सूंऽऽ करून जातात, खेळ खलास. म्हणजे गेटचा पैसा शून्य. बरं, टीव्हीचा पैसा? टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात मोठी शर्यत. ती चालवते एएसओ नावाची कंपनी. प्रक्षेपणाच्या हक्कांचं उत्पन्न त्यांचं, त्यात संघांचा वाटा नाही. मग संघ जगतो कशावर? प्रायोजकावर. जवळजवळ फक्त प्रायोजकावर. म्हणून तर संघाचं नावसुद्धा प्रायोजकाचंच असतं. एखाद्या वर्षी फरशीवाला, पुढच्या वर्षी विमा कंपनी, त्यानंतर कुठलीतरी बँक. तीच माणसं, त्याच सायकली, पाटी नवी.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला अजिबात जड जाऊ नये. एकच क्लायंट असलेली कंपनी. क्लायंटच्या मार्केटिंगचा साहेब बदलला, नव्या साहेबाला सायकलऐवजी गोल्फ आवडतं, की झालं. आपल्याकडे निदान बेंच असतो. सायकलपटूला बेंच नसतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात सगळं आहे. बीटल्स आहेत, शाकाहार आहे, आणि शेवटी पोलिसातली नोकरीपण आहे.

बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीची बायको लिंडा. ती कट्टर शाकाहारी. तिच्या नावानं ब्रिटनमध्ये फ्रोझन शाकाहारी पदार्थांचा ब्रँड होता. लिंडा १९९८ मध्ये कॅन्सरनं गेली. त्याच वर्षी या ब्रँडच्या नावानं एक ब्रिटिश सायकल संघ सुरू झाला, लिंडा मॅकार्टनी रेसिंग टीम. अट काय, तर संघातल्यांनी शाकाहारी राहायचं. आपल्या वाचकांतल्या बऱ्याच जणांना यात काही विशेष वाटणार नाही. वरणभात खाऊन शंभर किलोमीटर मारणारे महाभाग आपल्यातही आहेत. पण युरोपातल्या सायकलिंगमध्ये, जिथे सकाळी शर्यतीआधी मांस खाऊन निघायची पद्धत होती, तिथे हे म्हणजे आक्रीतच होतं. पत्रकारांनी चिक्कार चेष्टा केली.

आणि ही चेष्टेतली मंडळी दोन वर्षांत थेट जिरो द'इतालियाला पोचली! इटलीची तीन आठवड्यांची शर्यत, टूर द फ्रान्सच्या खालोखाल मान. २००० सालच्या जिरोत उतरणारा हा पहिला ब्रिटिश संघ. त्यात डेव्हिड मॅकेन्झी नावाचा एक ऑस्ट्रेलियन गडी होता, फार कुणाला माहीत नसलेला. सातव्या टप्प्यात तो सुरुवातीलाच घोळक्यातून पुढे निघाला. अशा एकट्या पळणाऱ्याला घोळका मुद्दाम सोडून देतो. उन्हात, वाऱ्यात दमेल, शेवटच्या वीस किलोमीटरला उचलू, असा हिशेब. यानं दीडशेहून जास्त किलोमीटर एकट्यानं काढले आणि तेरामो गावात पहिला आला. घोळक्याचा हिशेब चुकला. हे म्हणजे नागपूरहून एकट्यानं निघून भंडारा, साकोली, देवरी मागे टाकत छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत जाणं, आणि मागे शंभर-दीडशे जणांची झुंड लागलेली. विचार करा.

मग काय, २००१ साठी मोठे बेत झाले. नवीन खेळाडू घेतले. त्यात एक वीस वर्षांचा लंब्याचवडा पोरगा होता, सिडनी ऑलिम्पिकमध्ये सांघिक परस्यूटचं ब्राँझ मिळवलेला, ब्रॅडली विगिन्स. त्याची ही पहिली प्रोफेशनल नोकरी. जर्सीवर जग्वार गाड्यांचं नाव, जेकब्स क्रीक या वाइनचं नाव. जानेवारी २००१ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार स्क्वेअरमध्ये संघाचा थाटामाटात परिचय व्हायचा होता. आणि ऐन त्याच वेळी कळलं, की पैसेच नाहीत. प्रायोजक म्हणून जी नावं मिरवली जात होती, तिथून संघ चालवायला लागणारे पैसे येणारच नव्हते. संघ त्याच आठवड्यात संपला. आपापली घरं सोडून, पगाराच्या भरवशावर आलेले खेळाडू आणि मेकॅनिक जानेवारीत रस्त्यावर. जानेवारी ही सायकलपटूसाठी सगळ्यात वाईट वेळ, कारण बाकीच्या संघांच्या जागा तोवर भरलेल्या असतात. कॅम्पसमधून ऑफर घेतलेल्या मुलाला जॉइनिंगच्या दिवशी सांगावं की कंपनीच नाही, तसं.

आता खरा मुद्दा पुढे आहे. या सगळ्यांचं पुढे काय झालं?

विगिन्स वाचला. का वाचला? तर तेव्हा ब्रिटनमध्ये नॅशनल लॉटरीच्या पैशावर राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंगचा कार्यक्रम चालू होता. पोरगा तिथे परत गेला, तिथे पोसला गेला, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण आणि २०१२ मध्ये टूर द फ्रान्स. टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश. सगळे त्याची जिद्द, त्याचे लांब कल्ले, त्याची मुलाखत यांवर लिहितात. माझ्या मते त्याचं अर्धं श्रेय त्या कंटाळवाण्या सरकारी कार्यक्रमाला आहे. खाजगी संघ फुटला तेव्हा खाली जाळी होती.

त्याच संघात मॅट स्टीफन्स होता. १९९८ चा ब्रिटिश राष्ट्रीय विजेता, २००० ची जिरो पळालेला. त्याच्यासाठी जाळी नव्हती. तो पुढे चक्क पोलिसात लागला! कित्येक वर्षं पोलिसाची नोकरी केली. आता टीव्हीवर सायकलिंगचा समालोचक म्हणून लोकांना माहीत आहे, आणि फार छान बोलतो. पण राष्ट्रीय विजेता, जिरो खेळलेला माणूस, पोलिसात. आमच्या चौकातला काका हे ऐकून म्हणेल, "मंग काय वाईट झालं? चांगलाच तं लागला."

आणि बघा, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही!

कारण आपल्याकडे सायकलपटूचा खरा 'संघ' कुठला आहे? रेल्वे आणि सैन्यदल. राष्ट्रीय स्पर्धांच्या निकालांत रेल्वे आणि सर्व्हिसेस ही नावं वर्षानुवर्षं का दिसतात? तिथे नोकरी असते म्हणून. पदक मिळालं, खेळाडू कोट्यातून लागला, महिन्याच्या महिन्याला पगार, पेन्शन नाहीतर पीएफ, घरच्यांना पास. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. शहरातले सायकलप्रेमी याला नावं ठेवतात. म्हणतात, नोकरी लागली की पोरं ढिली पडतात, हे काही प्रोफेशनल नाही. अरे, पण पोरगं त्या नोकरीसाठीच तर पळत होतं. खेळ हा त्याच्यासाठी पोचायचा रस्ता होता. तुमच्यासाठी तो रविवारची सकाळ आहे, कार्बन फ्रेम आहे, आणि परत येताना मिसळ.

भंडारा जिल्हा म्हणजे तलाव, धानाच्या बांध्या, वैनगंगा, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी, पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव. रस्ते बहुतेक सपाट. पावसाळ्यात रोवणी चालू असताना त्या रस्त्यांवरून सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या पोरींच्या रांगा दिसतात. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात छत्री. हे दृश्य बघून कुणी 'इथून आंतरराष्ट्रीय सायकलपटू निघतील' असं म्हटलं असतं तर आम्हीच हसलो असतो. पण निघाल्या. मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे, दोघीही भंडारा जिल्ह्याच्या. २०२२ मध्ये दिल्लीत आशियाई ट्रॅक अजिंक्यपद झालं, त्यात भारताच्या महिलांनी टीम स्प्रिंटमध्ये ब्राँझ घेतलं. त्या तिघींच्या संघात या दोघी होत्या, तिसरी त्रियाशा पॉल. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही या दोघी भारताकडून उतरल्या. एका जिल्ह्याच्या दोन मुली, आणि तोही ज्या जिल्ह्याचं नाव सांगितल्यावर पुण्यातले लोक 'भंडारदरा का?' असं विचारतात.

दोघी ट्रॅकवाल्या आहेत, रोडवाल्या नाहीत, हे मला माहीत आहे. ट्रॅक म्हणजे वेलोड्रोमच्या लाकडी, कलत्या धावपट्टीवरची शर्यत. टीम स्प्रिंट तर मिनिटाच्या आत आटोपते. पण म्हणूनच हा दाखला महत्त्वाचा. या मुलींना पुढे आणलं ते कुठल्या उद्योगपतीनं नाही, जर्सीवरच्या लोगोनं नाही. शाळेतल्या स्पर्धा, राज्याची निवड, मग दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियमच्या वेलोड्रोमवरचा राष्ट्रीय सराव, अशी ही सरकारी पायऱ्यांची वाट आहे. संथ, कागदपत्रांनी भरलेली, वैताग आणणारी. पण या वाटेला तिसरं वर्ष असतं, चौथंही असतं.

उलट बाजूनं आपल्याच माणसांचं आणखी एक उदाहरण घ्या. रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे 'रॅम'. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलवर, साधारण ४,८०० किलोमीटर. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. कमाल माणसं. पण एक गोष्ट बघा. तीन डॉक्टर आणि एक सैन्यातला अधिकारी. चौघांपैकी एकाचंही घर सायकलवर चालत नव्हतं. आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल ही अजून दुसऱ्या पगारावर उभी आहे. मग जिच्याकडे दुसरा पगार नाही, जिच्या घरी दोन एकर धान आहे, तिनं काय करायचं?

म्हणजे प्रोफेशनल संघाची गरज नाही असं मी म्हणत नाहीये. उलट गरज तिलाच सगळ्यात जास्त आहे. पण धोकाही तिलाच सगळ्यात जास्त आहे. माझ्यासारखा इंजिनिअर एखाद्या स्टार्टअपमध्ये गेला, ती बुडाली, तर दोन महिन्यांत दुसरीकडे लागतो, वर रेझ्युमेत 'स्टार्टअप अनुभव' म्हणून मिरवतो. एकवीस वर्षांच्या सायकलपटू मुलीनं रेल्वेची भरती सोडून एखाद्या खाजगी संघाची जर्सी घातली आणि तो संघ दीड वर्षात गुंडाळला, तर तोवर भरतीचं वय, राष्ट्रीय स्पर्धेतलं प्रमाणपत्र, फॉर्म, सगळं हातातून गेलेलं असतं. तिच्या रेझ्युमेत काय लिहायचं?

आणि संघ गुंडाळले जातात, हे लक्षात घ्या. लिंडा मॅकार्टनी हा काही अपवाद नव्हे. फ्रान्समध्ये १९९५ साली 'ल ग्रुपमां' नावाचा संघ आला. पैसा कुणाचा? चक्क साखळी मार्केटिंगवाल्या कंपनीचा. (आठवतात का, आपल्याकडेही एकेकाळी प्रत्येक नातेवाईक साबण आणि टूथपेस्ट घेऊन घरी यायचा? तेच.) त्यांच्याकडे ल्यूक लब्लां होता, १९९४ चा विश्वविजेता. त्या वर्षीची टूर द फ्रान्स सुरू व्हायला काही दिवस उरले असताना संघच बंद! विश्वविजेत्याला फ्रान्सची शर्यत घरी बसून बघायला लागली.

आमच्या जातकुळीचं उदाहरण हवं असेल तर आयर्लंडचा 'अॅक्वा ब्लू स्पोर्ट'. २०१७ मध्ये सुरू. त्यांची आयडिया ऐकून कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याचे डोळे चमकतील. प्रायोजकाच्या मागे कशाला लागायचं, आपण स्वतःच सायकलच्या सामानाची ऑनलाइन दुकानदारी चालवू आणि त्या नफ्यावर संघ चालवू! स्वयंपूर्ण मॉडेल. पहिल्याच वर्षी त्यांना स्पेनच्या वुएल्ताचं निमंत्रण मिळालं. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये, हंगाम संपायच्या आत, दुकान बंद. ऑनलाइन विक्रीचा मार्जिन आणि वीसेक जणांचे पगार, याचा एक्सेल शीटवर हिशेब कुणी तरी नीट करायला हवा होता. शनिवारच्या दुपारी मीही करून दिला असता. :)

'पण मग आयपीएल कशी चालते?' असा प्रश्न येतो लगेच. आयपीएलला तिकीट आहे, टीव्हीचा पैसा आहे आणि तो संघांमध्ये वाटला जातो. आणि एवढं असूनही आपण पुणेकरांनी काय बघितलं? पुणे वॉरियर्स, २०११ ते २०१३. रायझिंग पुणे, २०१६ आणि २०१७. दोन्ही जर्स्या अजून कपाटात असतील काही लोकांच्या. क्रिकेटमध्ये, पुण्यात, इतक्या पैशात ही गत. सायकलचं काय घेऊन बसलात!

आता थोडं दुसऱ्या बाजूनं बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता रडतोय.

संघ अल्पायुषी असणं हा गुन्हा आहे का? मला नाही वाटत. 'सर्व्हेलो टेस्टटीम' नावाचा संघ २००९ आणि २०१० अशी दोनच वर्षं होता. सायकल बनवणाऱ्या कंपनीनं काढलेला. त्या दोन वर्षांत त्यांच्या थोर हुशोव्दनं टूरची हिरवी जर्सी मिळवली, भरपूर शर्यती जिंकल्या, आणि बंद होताना दुसऱ्या संघाशी हातमिळवणी झाली, बरेच खेळाडू तिकडे गेले. आपल्या भाषेत, प्रोजेक्ट संपला, नॉलेज ट्रान्सफर झालं, माणसं दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. यात रडण्यासारखं काय आहे? मॅकेन्झीचा तेरामोचा विजयही संघ बुडाला म्हणून पुसला गेला नाही. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर दोन वर्षांचं म्हणा ना. सरळ सांगा की बाई, पैसे २४ महिन्यांचे आहेत, पंचविसाव्या महिन्याचं आम्हाला माहीत नाही. मग ती आणि तिचा बाप बसून ठरवतील. माझा आक्षेप आहे तो 'ऐतिहासिक', 'दीर्घकालीन स्वप्न' वगैरे शब्दांवर, जे पत्रकार परिषदेत वापरले जातात आणि करारात नसतात.

दुसरं टोक म्हणजे स्पेनमधल्या बास्क लोकांचा युस्कल्तेल-युस्कादी. हा मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण 'महाराष्ट्राचा संघ' म्हणणाऱ्यांना खरं तर हेच हवं आहे. आपल्या मातीतले खेळाडू, आपली भाषा, घाटात नारिंगी कपडे घालून ओरडणारे आपले लोक. १९९४ ते २०१३, वीस हंगाम टिकला. कसा? तर पाया घातला एका प्रतिष्ठानानं, आणि सामान्य लोक वर्गणी भरून त्याचे सभासद झाले. मोठा प्रायोजक, तिथली टेलिफोन कंपनी, नंतर आली. आपल्याकडे गणेशोत्सव, वाचनालयं, तालमी, पतपेढ्या हे सगळं वर्गणीवर उभं राहिलेलं आहे. सायकल संघासाठी मात्र आपण टाटा-बिर्लांची वाट बघतो. गंमतच आहे.

बरं, तो संघ शेवटी बंद पडला तेही पैशानंच. म्हणजे वर्गणी ही काही जादू नाही. पण वीस वर्षांत एका खेळाडूचं पूर्ण करिअर बसतं.

मग आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? थोडे नियम बघू. पुण्याची शर्यत होती यूसीआयच्या २.२ दर्जाची. पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा २ म्हणजे दुसरा वर्ग. (सायकलिंगमध्ये 'ग्रँड टूर' म्हणतात ते फक्त फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतींना. पाच दिवसांच्या शर्यतीला ते नाव देणं म्हणजे सोसायटीच्या बागेला अभयारण्य म्हणणं आहे, पण असो, नावात काय आहे.) अशा शर्यतीत राष्ट्रीय संघ उतरतात आणि कॉन्टिनेन्टल संघ उतरतात. कॉन्टिनेन्टल हा प्रोफेशनल रचनेतला सगळ्यात खालचा स्तर. दरवर्षी देशाच्या फेडरेशनमार्फत नोंदणी करायची. वरच्या दोन स्तरांवरच्या पुरुषांच्या संघांना यूसीआयनं किमान पगार ठरवून दिलेला असतो. कॉन्टिनेन्टलला तसं बंधन नाही. म्हणजे, आणि इथे जरा नीट वाचा, तुम्ही 'प्रोफेशनल संघ' असं नाव लावू शकता आणि खेळाडूला नुसती सायकल, कपडे आणि हॉटेलची खोली देऊन मोकळे होऊ शकता. युरोपात असे कितीतरी संघ आहेत. तिथल्या पोराला आईबापाच्या घरी राहून दोन वर्षं नशीब आजमावणं परवडतं. आणि तिथे दर रविवारी शर्यत असते, त्यामुळे कुणाच्या तरी नजरेत भरायची संधी असते.

आपल्याकडे दर रविवारी शर्यत नाही. मुंबई-पुणे शर्यत १९४५ पासूनची, बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचं, केवढी मोठी परंपरा. पण वर्षातून एक! उरलेल्या दिवसांत संघ काय करणार? पगार घेऊन सराव? प्रायोजकाला दाखवायचं काय? म्हणून मला वाटतं, आपल्या लोकांचा क्रम उलटा आहे. संघ आधी आणि शर्यती नंतर असं होत नाही. वर्षाला पंधरा-वीस छोट्या, नेमानं होणाऱ्या शर्यती असतील तर संघ आपोआप निघतील. क्लब निघतील, कॉलेजं निघतील, एखादा सायकल दुकानदार निघेल. आणि एखादा संघ बुडाला तरी खेळाडूला पुढच्या रविवारी दुसऱ्या कपड्यांत पळता येईल. विगिन्सच्या खाली जी जाळी होती, ती आपल्याकडे अशी विणता येईल. थोडी सरकारी, थोडी वर्गणीची.

आणि ज्याला संघच काढायचा आहे त्यानं खुशाल काढावा. फक्त एक करा. मुलींचा काढा, आणि करार करताना खेळाडूची नोकरीची वाट बंद करू नका. रेल्वेची भरती निघाली तर तिला जाऊ द्या, राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखांना तिला राज्याकडून खेळू द्या, आणि दोन वर्षांच्या पगाराचे पैसे पहिल्याच दिवशी बँकेत वेगळे ठेवा. जर्सीच्या लाँचला जेवढा खर्च होतो तो कमी केला तरी एका खेळाडूचे काही महिने निघतील, असा माझा अंदाज आहे. लाँचला हॉटेल नको. नाहीतर ट्रफाल्गार स्क्वेअर होतो.

शर्यतींसाठी जागा विचाराल तर मी जरा पक्षपाती आहे. भंडारा, वरठी, मोहाडी, तुमसर आणि परत. एकही घाट नाही, त्यामुळे पुण्याच्या घाटवाल्या मंडळींना कंटाळवाणं वाटेल, पण स्प्रिंटरला याहून चांगला रस्ता मिळायचा नाही, आणि आमच्या जिल्ह्याच्या दोन मुलींनी स्प्रिंटमध्येच काय ते करून दाखवलंय. खर्च फार नाही. सकाळी तीन तास रस्ता अडवायची परवानगी, एक अॅम्ब्युलन्स, वेळ नोंदवणारे चार लोक, आणि प्रत्येक गावात पाणी. पाण्याची तर काळजीच नको, शर्यत जाणार म्हटल्यावर लोक चहापण देतील. वेळ मोजायचं सॉफ्टवेअर मी फुकट लिहून देतो, दोन वीकेंडचं काम आहे. तारीख तेवढी डिसेंबर-जानेवारीतली ठेवा. मेमध्ये आमच्याकडे डांबर टायरला चिकटतं.